युरोपात कार्टेलचा ठपका आणि त्यामागून येणारे भरपाईचे दावे: कंपनीचा बचाव कसा उभा करायचा

१८ जानेवारी २०११ ला युरोपीय आयोगाचे अधिकारी युरोपातल्या ट्रक कंपन्यांच्या दारात न कळवता येऊन उभे राहिले. आरोप कार्टेलचा, म्हणजे स्पर्धकांनी आपसात किमतींवर संगनमत केल्याचा होता. निर्णय लागायला १९ जुलै २०१६ उजाडला. डाइमलर, व्होल्वो-रेनो, इव्हेको आणि डाफ यांना मिळून सुमारे २९३ कोटी युरो दंड झाला. मान कंपनीने सगळ्यांच्या आधी माहिती दिली होती, म्हणून तिचा सुमारे १२० कोटी युरोंचा दंड माफ झाला. स्कॅनियाने तडजोड केली नाही. तिला सप्टेंबर २०१७ मध्ये वेगळा ८८ कोटी युरो दंड झाला आणि शेवटचं अपील फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळलं गेलं. तोवर स्पेन, जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन इथे ट्रक घेणाऱ्यांनी हजारो दावे लावले होते. त्यात प्रश्न होते ते थेट १९९७ पासूनच्या बिलांवर.

दंडाचं प्रकरण एका फाइलमध्ये आणि भरपाईचे दावे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवणारी कंपनी दोन्हीकडे मार खाते. छाप्याच्या दिवशी जे बोललं गेलं, आयोगाला जे लिहून दिलं आणि जो डेटा सांभाळला गेला, त्यावरच दहा वर्षांनी भरपाईचा आकडा ठरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच टीम, एकच कालपट आणि कागदपत्रांचा एकच साठा हवा.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांना हे लांबचं वाटू नये. पेरिंडोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाच्या प्रकरणात आयोगाने जुलै २०१४ मध्ये सर्व्हिए या फ्रेंच औषध कंपनीबरोबर ज्यांना दंड केला, त्यांत मुंबईची ल्युपिन होती (४ कोटी युरो). नीश जेनेरिक्स या उपकंपनीसह मुंबईचीच युनिकेम लॅबोरेटरीज होती (सुमारे १ कोटी ४० लाख युरो). जून २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दोघींची अपिलं फेटाळली. उपकंपनी शंभर टक्के मालकीची असेल, तर तिचा कारभार पालक कंपनीच चालवते असं युरोपचा कायदा धरून चालतो. हे गृहीतक खोडता येतं, पण न्यायालयात ते क्वचितच खोडलं जातं. लिव्हरपूल किंवा श्टुटगार्टच्या उपकंपनीची चूक पुण्याच्या ताळेबंदात येते ती अशी.

छाप्याची सकाळ

रिसेप्शनवरच्या माणसाकडे एका पानाची सूचना हवी: कोणाला फोन करायचा, पाहुण्यांना कुठे बसवायचं, कुठल्या कागदाची प्रत मागायची. अधिकारी आयोगाचा निर्णय घेऊन आले असतील तर तपासणीला नकार देता येत नाही. निर्णयात तीन गोष्टी लगेच बघा: कंपनीचं नेमकं नाव, कुठलं उत्पादन आणि कुठला काळ. त्याची प्रत बाहेरच्या वकिलांना पाठवा. वकील येईपर्यंत अधिकारी बहुतेक वेळा थोडं थांबतात, पण त्यांच्यावर तसं बंधन नाही.

पुढचं पाऊल आयटी विभागाचं. मेल आपोआप पुसणारी सेटिंग्ज बंद करायची, चॅटमधले नाहीसे होणारे मेसेज थांबवायचे, अधिकारी सांगतील ती खाती गोठवायची. कामासाठी वापरला जाणारा खासगी फोनही तपासला जातो. मार्च २०२३ च्या एका तपासणीत सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या इंटरनॅशनल फ्लेवर्स अँड फ्रेग्रन्सेसच्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने स्पर्धकाबरोबरचे व्हॉट्सॲप मेसेज पुसले. त्यासाठी २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ५९ लाख युरो दंड झाला. मूळ आरोप सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी.

सीलची गोष्ट नीट समजून घ्या. काम एका दिवसात संपलं नाही तर खोलीच्या दारावर प्लास्टिकची चिकटपट्टी लावली जाते. ती सोलली की पृष्ठभागावर ‘व्हॉइड’ अशी अक्षरं उमटतात. २००६ मध्ये म्युनिकला ई-ऑनच्या दारावर अशी अक्षरं दिसली. सफाईच्या रसायनामुळे असं झालं असावं हा कंपनीचा युक्तिवाद टिकला नाही आणि ३ कोटी ८० लाख युरो दंड कायम राहिला. तेव्हा सील लावलेल्या दाराला रात्री माणूस बसवा, सफाई कामगार आणि सिक्युरिटी दोघांनाही लेखी सांगा, आणि संध्याकाळी व सकाळी सीलचा फोटो अधिकाऱ्यांसमोर काढा.

प्रत्येक अधिकाऱ्याबरोबर एक माणूस सावलीसारखा राहील असं बघा. त्याने कोणते शब्द टाकून शोध घेतला, कुठल्या कपाटातून काय घेतलं, काय विचारलं, हे वेळेसह टिपायचं. नेलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याकडे ठेवायची. कागदाचा अर्थ विचारला तर खरं आणि थोडक्यात सांगायचं. माहीत नसेल तर ‘तपासून लेखी कळवू’ म्हणायचं. चुकीचं उत्तर किंवा अडवणूक यासाठी उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत वेगळा दंड आहे. ‘तुम्ही नियम मोडला का’ याची कबुली मात्र कोणी जबरदस्तीने घेऊ शकत नाही.

भारतीय कंपन्या सगळ्यात जास्त अडकतात ती गोपनीयतेत. आयोगासमोर फक्त स्वतंत्र वकिलाचा, आणि तोही युरोपीय आर्थिक क्षेत्रात सनद असलेल्या वकिलाचा सल्ला गोपनीय मानला जातो. कंपनीत नोकरी करणाऱ्या वकिलाच्या मेलला हे संरक्षण नाही, असं अक्झो नोबेल प्रकरणात २०१० मध्ये स्पष्ट झालं. मुंबईच्या नामांकित फर्मने दिलेल्या मतालाही ते नाही. मुख्यालयातल्या विधी विभागाने ‘हा करार कार्टेलसारखा दिसतोय’ असं उपकंपनीला लिहिलं असेल, तर अधिकारी तो मेल घेऊन जातील. अशा सल्ल्यासाठी आधीपासून युरोपातला बाहेरचा वकील नेमा, आणि कागदाच्या डोक्यावर तो सल्ला कोणी, कोणाला, कशासाठी दिला ते लिहा. वाद झाला तर कागद बंद पाकिटात ठेवण्याची मागणी करा.

पहिले दहा दिवस: कबुली द्यायची की लढायचं

छापा पडला की सगळ्याच कंपन्या एकाच शर्यतीत धावू लागतात. आयोगाला आधी माहिती देणाऱ्याचा सगळा दंड माफ होऊ शकतो. त्यानंतर उपयोगी पुरावा देणाऱ्या पहिल्या कंपनीला ३० ते ५० टक्के, दुसरीला २० ते ३० टक्के आणि बाकीच्यांना २० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. त्यामुळे विक्री विभागातल्या पाच-सात लोकांच्या मुलाखती आणि त्यांच्या मेलची पहिली चाळणी दहा दिवसांत व्हायलाच हवी. मुलाखती बाहेरच्या वकिलाने घ्याव्यात आणि कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच सांगावं की वकील कंपनीचा आहे, त्याचा नाही.

कबुली द्यायची ठरली तर ती आयोगाच्या कार्यालयात तोंडी द्या. लेखी निवेदन कंपनीच्या ताब्यात राहिलं तर युरोपबाहेरच्या न्यायालयात ते मागितलं जाण्याचा धोका असतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या भरपाई निर्देशानुसार कबुलीचं निवेदन दावेदाराला कधीच मिळत नाही. पण त्यासोबत दिलेले जुने मेल, डायऱ्या, हॉटेलची बिलं यांना हे कवच नाही.

संपूर्ण माफी मिळालेल्या कंपनीला भरपाईतही सवलत आहे. बाकीच्यांवर संयुक्त जबाबदारी असते, म्हणजे कोणत्याही एकीकडून सगळं नुकसान वसूल करता येतं. माफी मिळालेलीला मात्र मुख्यतः स्वतःच्याच प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ग्राहकांना द्यावं लागतं. कबुलीचा हिशोब मांडताना हे कलम अनेकदा विसरलं जातं.

आयोगासमोर लिहिताना

आरोपपत्र आलं की बहुतेक टीमचं लक्ष दंडावर जातं. विक्रीच्या ३० टक्क्यांपर्यंतचा आकडा गुणिले वर्षं, त्यात कार्टेलमध्ये सामील झाल्याबद्दल १५ ते २५ टक्क्यांची ‘प्रवेश फी’, आणि वर समूहाच्या जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांची मर्यादा. हे महत्त्वाचं आहेच, पण आयोगाचा अंतिम निर्णय युरोपीय संघातल्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. एकदा त्यात ‘१९९७ ते २०११’ असं आलं की भरपाईच्या न्यायालयात ‘२००१ पासून’ असं म्हणता येत नाही. म्हणून काळ, उत्पादनाची व्याप्ती आणि देश या तीन गोष्टींवर इथेच झगडायचं. कालावधीतून एक वर्ष कमी झालं की त्या वर्षाची बिलंही दाव्याबाहेर जातात.

तडजोड केली तर दंडात १० टक्के सूट मिळते. त्याहून मोठा फायदा असा की निर्णय आखूड निघतो. कोण कुठल्या बैठकीत काय बोललं याची शंभर पानं दावेदाराच्या हाती पडत नाहीत. किंमत म्हणून उल्लंघन मान्य करावं लागतं. निर्णयाचा जाहीर मसुदा तयार होताना व्यापारी गुपितं वगळण्याची मागणी ओळीगणिक करा. त्या आठवड्यात वकिलांना दुसरं काम देऊ नका.

अपिलाची मुदत दोन महिने, अधिक अंतरासाठी ठरलेले दहा दिवस. दंड तीन महिन्यांत भरायचा किंवा तेवढ्या रकमेची बँक गॅरंटी द्यायची.

ताळेबंदात इंड एएस ३७ या भारतीय लेखा मानकाप्रमाणे तरतूद करताना शब्द जपून वापरा. ‘संभाव्य भरपाई इतके कोटी’ अशी देशवार फोड वार्षिक अहवालात गेली, तर समोरचा वकील तीच वाचून दाव्याची रक्कम ठरवतो.

दावा हातात आल्यावर

पहिलं उत्तर दाखल करण्याआधी चार गोष्टी तपासा. त्यातली एक चुकली तर नंतर दुरुस्त होत नाही.

न्यायालय योग्य आहे का? एका सह-आरोपीच्या देशात सगळ्यांना खेचता येतं. ट्रक जिथे विकत घेतला तिथल्या न्यायालयातही दावा चालतो, असं जुलै २०२१ मध्ये ठरलं. ऑक्टोबर २०२१ च्या सुमाल निकालानंतर तर स्थानिक उपकंपनीवरही दावा लावता येतो, तिचा व्यवसाय आणि कार्टेलचं उत्पादन यांत दुवा असेल तर. म्हणून आक्षेप घ्यायचा असेल तर पहिल्याच वेळी घ्या. न्यायालयात हजर राहून थेट मूळ दाव्यावर उत्तर दिलं की अधिकारक्षेत्र मान्य केल्यासारखं होतं. समन्स कुठे बजावलं याची नोंदही ठेवा. परदेशी पालक कंपनीचं समन्स स्पेनमधल्या उपकंपनीच्या पत्त्यावर देणं पुरेसं नाही, असं जुलै २०२४ मध्ये ठरलं आहे. पाकीट, शिक्का आणि घेणाऱ्याची सही स्कॅन करून ठेवा.

मुदत संपली आहे का? किमान पाच वर्षं मिळतात, आणि घड्याळ कधी सुरू होतं यावर भांडण होतं. ट्रक प्रकरणात जुलै २०१६ ची प्रेस नोट पुरेशी धरली गेली नाही. ६ एप्रिल २०१७ ला अधिकृत राजपत्रात निर्णयाचा सारांश आला, तिथून मुदत मोजली गेली. प्रेस नोटच्या तारखेवर उभा केलेला मुदतीचा बचाव त्या एका निकालाने अनेक दाव्यांत कंपन्यांच्या हातचा गेला.

माल निर्णयात बसतो का? ट्रकच्या निर्णयात ६ टन आणि त्यावरची वाहनं आहेत, जुने ट्रक आणि विक्रीनंतरची सेवा नाही. कचरा उचलणाऱ्या गाड्यांसारखे खास ट्रक वगळले जातील अशी आशा काही प्रतिवादींना होती, पण ऑगस्ट २०२२ मध्ये तेही आत धरले गेले. ऑर्डरची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख दोन्ही बघा, सीमेवरच्या महिन्यांत फरक पडतो.

आणि दावेदार खरंच तोच का? इथे सगळ्यात जास्त पैसा वाचतो आणि सगळ्यात कमी लोक लक्ष देतात. दाव्यासोबत बहुधा चॅसी नंबरांची एक्सेल शीट येते. ती आपल्या विक्रीच्या नोंदींशी एकेक नंबर जुळवायची. तोच ट्रक लीजिंग कंपनीने आणि भाड्याने घेणाऱ्यानेही मागितलेला सापडतो, कधी तिसऱ्या शहरात हक्क विकत घेतलेल्या दावा-कंपनीनेही. बिल एकाच्या नावावर, पैसे भरले दुसऱ्याने, आणि दावा हस्तांतर करणारी कंपनी आधीच विसर्जित झालेली. प्रत्येक नंबरासमोर बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि हक्क हस्तांतराचा कागद असे तीन रकाने करा. रिकाम्या रकान्याला लेखी आक्षेप घ्या.

जादा आकारणीचा हिशोब

दावेदार म्हणतो की कार्टेल नसतं तर किंमत कमी असती. ही ‘नसती तर’ची किंमत कशी काढायची, हा खटल्याचा गाभा आहे. नेहमीचा मार्ग म्हणजे कार्टेलच्या आधीची, दरम्यानची आणि नंतरची किंमत रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीने तपासणं आणि बाकीची कारणं वेगळी काढणं. ट्रकमध्ये ती कारणं भरपूर होती: युरो ३ ते युरो ६ ही प्रदूषण मानकं, पोलादाचे भाव, २००८-०९ मध्ये कोसळलेली मागणी. मॉडेलमध्ये एक कारण सुटलं की तेवढा फरक कार्टेलच्या खात्यात जातो.

म्हणून डेटा प्रत्येक व्यवहाराचा हवा: यादीतली किंमत, सूट, जादा सुटे भाग, बॉडी, डीलरचं मार्जिन आणि अदलाबदलीत घेतलेल्या जुन्या ट्रकची किंमत. हा शेवटचा रकाना बारकाईने बघा. जुना ट्रक बाजारभावापेक्षा ४,००० युरो जास्त देऊन घेतला असेल, तर ती खरी नव्या ट्रकवरची सूट असते. ती बिलावर दिसत नाही. तो रकाना वगळला तर तुमचीच किंमत आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आणि हा डेटा बहुतेक वेळा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, जे पाच-सात वर्षांत बंद केलेलं असतं. म्हणून छाप्याच्या आठवड्यातच आयटीला लेखी कळवा: या सर्व्हरचा बॅकअप विधी विभागाच्या सहीशिवाय मोडीत काढायचा नाही.

भरपाई निर्देशात कार्टेलने नुकसान झालंच असं गृहीत धरलं आहे. ट्रकचं उल्लंघन निर्देश लागू होण्याआधीच संपलं होतं म्हणून हे गृहीतक तिथे लागू नाही, असं युरोपच्या न्यायालयाने जून २०२२ मध्ये सांगितलं. तरीही स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये चौदा वर्षं चाललेल्या इतक्या मोठ्या कार्टेलने किंमत वाढली असा निष्कर्ष काढला. दावेदारांचे अहवाल अपुरे होते, म्हणून किमतीच्या ५ टक्के भरपाई ठरवली. ब्रिटनच्या स्पर्धा लवादानेही रॉयल मेल ही टपाल कंपनी आणि बीटी ही टेलिफोन कंपनी यांच्या दाव्यात डाफविरुद्ध ५ टक्के धरले. फक्त ‘यादीतल्या किमतींवर बोलणी झाली, खऱ्या किमतींवर नाही’ असं सांगून शून्य नुकसान सिद्ध होत नाही. यादीची किंमत बदलली तेव्हा हातात पडणारी किंमत हलली की नाही, हे देशवार दाखवावं लागतं. अहवाल शून्यावर अडून बसला आणि न्यायाधीशाला तो पटला नाही, तर अंदाज न्यायाधीशच करतो. म्हणून अर्थतज्ज्ञाने पर्यायी आकडा आणि त्याची वरची-खालची मर्यादा दिलीच पाहिजे.

एक काल्पनिक हिशोब बघा. ४०० ट्रक, प्रत्येकी ८०,००० युरो, म्हणजे ३ कोटी २० लाखांची खरेदी. दावा १५ टक्क्यांचा, म्हणजे ४८ लाख. १४ वर्षांचं ४ टक्के सरळ व्याज ५६ टक्के होतं, आणि एकूण रक्कम सुमारे ७५ लाखांवर जाते. ५ टक्के धरले तर मुद्दल १६ लाख, व्याजासह २५ लाख. व्याज नुकसान झालेल्या दिवसापासून चालतं, त्यामुळे दर, सुरुवातीची तारीख आणि सरळ की चक्रवाढ, या तीन प्रश्नांवर स्वतंत्र प्रकरण लिहा.

भार पुढे ढकलला का?

दावेदाराने वाढीव किंमत आपल्या ग्राहकांकडून वसूल केली असेल, तर तेवढं नुकसान त्याचं उरत नाही. वरच्या उदाहरणात ४० टक्के भार पुढे गेल्याचं सिद्ध झालं तर मुद्दल ९ लाख ६० हजार राहतं आणि व्याजासह १५ लाखांच्या आसपास. पण सिद्ध करायची जबाबदारी प्रतिवादीची. डाफच्या खटल्यात हा बचाव टिकला नाही. टपाल आणि टेलिफोन सेवेच्या एकूण खर्चात ट्रकच्या किमतीतली ही वाढ इतकी नगण्य होती की ती दरांत उतरली हे दाखवता आलं नाही. ट्रक हाच मुख्य खर्च असलेल्या वाहतूकदारासमोर चित्र वेगळं असू शकतं. त्याच्याकडून वार्षिक दरपत्रकं, ग्राहकांशी झालेल्या करारांतली दरवाढीची कलमं आणि दर ठरवणाऱ्या बैठकांचे कागद मागा. मागणी नेमकी हवी: कुठल्या वर्षाचा, कुठल्या विभागाचा, कशासाठी. ‘सगळे हिशोब द्या’ असा अर्ज फेटाळला जातो.

एक धोका सांभाळा. थेट ग्राहकाला ‘तू भार पुढे ढकललास’ आणि त्याच्या ग्राहकाला ‘तुझ्यापर्यंत काही आलंच नाही’, असं दोन शहरांतल्या दोन वकिलांनी लिहिलं, तर दोन्ही न्यायालयांत विश्वास जातो. सगळ्या देशांतले जबाब एका टेबलावर वाचणारा माणूस नेमा.

तडजोड आणि आपसातली वाटणी

एका कंपनीने दावेदाराशी तडजोड केली की दाव्यातून तिच्या हिश्श्याएवढी रक्कम वजा होते. उरलेल्या रकमेसाठी बाकीच्या कंपन्या तिच्याकडे हिस्सा मागू शकत नाहीत. म्हणून लवकर तडजोड करणाऱ्याला पुढचा आकडा ठरवून बाहेर पडता येतं. उशीर करणाऱ्याला आधी सगळं भरून मग इतरांकडून वसुलीचा दुसरा खटला लढावा लागतो. विक्रीतला हिस्सा, दंडातला हिस्सा, कार्टेलमधली भूमिका यांपैकी कशावर वाटणी व्हावी हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. पहिल्या तडजोडीआधीच तिन्हींचे तक्ते तयार ठेवा.

करारात चॅसी नंबरांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. समूहातली प्रत्येक कंपनी, पालक आणि विकून टाकलेल्या उपकंपन्याही, मुक्त झाल्याचं नावानिशी लिहा. दावेदाराने हक्क आधी दुसऱ्याला दिले नाहीत याची हमी घ्या. युरोपीय संघाबाहेर, विशेषतः ब्रिटनमध्ये, सह-आरोपीने हिस्सा मागितला तर तो दावेदाराने भरून द्यावा असं कलम घाला. रक्कम देताना त्यातलं मुद्दल, व्याज आणि वकिलांचा खर्च वेगवेगळा दाखवा, करासाठी तो फरक लागतो. सही झाल्यावर यादीतले नंबर इतर सगळ्या देशांच्या शीटमध्ये त्याच दिवशी ‘मिटलेले’ म्हणून नोंदवा. पुढच्या महिन्यात तोच ट्रक दुसऱ्या शहरातल्या दाव्यात हमखास सापडतो.